खार जमिनीचा वर्षभराचा अभ्यास कसा करावा: कोकणातल्या कृषी विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

अलिबाग-पेणच्या खारेपाटापासून सिंधुदुर्गातल्या खाजणांपर्यंत (खाडीकाठच्या भरतीच्या सखल जमिनींपर्यंत), कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक खाडीच्या काठी भरती बांधाने अडवून पिकवलेली भातजमीन आहे. हीच खार जमीन. कृषी महाविद्यालयातल्या मुलांना पर्यावरण व्यवस्थापनावर प्रकल्प करायचा असेल, तर अभ्यासाला याहून चांगली जागा मिळणार नाही. समुद्र, पाऊस, माती, कांदळवन, कायदा आणि गावाची एकी हे सगळं इथे एकाच शेतात भेटतं. तरीही बहुतेक प्रकल्पांत डिसेंबरात एकदा मातीचे नमुने काढले जातात, एक प्रश्नावली भरून घेतली जाते आणि निष्कर्षात ‘शेतकऱ्यांमध्ये जागृतीची गरज आहे’ असं लिहून विषय मिटतो. खार जमिनीतल्या शेतकऱ्याला मिठाची जाणीव आपल्यापेक्षा जास्त आहे. त्याच्याकडे नसतात ते आकडे: कुठे किती मीठ, कोणत्या महिन्यात, आणि बांधाच्या कोणत्या दुरुस्तीने किती फरक पडतो.

खार जमीन टिकेल की नाही हे सांगायचं असेल तर मीठ, पाणी आणि बांध या तिन्ही गोष्टी एकत्र आणि वर्षभर मोजाव्या लागतात, असं माझं ठाम मत आहे. एक जरी सुटली तरी उरलेल्या दोन्हींचे आकडे अर्धवट राहतात. म्हणून हा लेख एका पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचा आहे. चार जणांच्या गटाला साध्या प्रयोगशाळेच्या आधारावर झेपेल एवढंच काम यात धरलं आहे.

आधी प्रश्न ठरवा

‘खार जमिनीच्या शाश्वततेचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झालं. उत्तर हातात आल्यावर कोणी तरी काही तरी वेगळं करील असा प्रश्न शोधा. उदाहरणार्थ: बांधापासून किती अंतरापर्यंत साधं भाताचं वाण लावणं परवडतं आणि कुठून पुढे क्षार सहन करणारं वाणच लावलं पाहिजे? उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं-अडवायचं दार) वेळेवर दुरुस्त झाली तर पावसाळ्याच्या सुरुवातीला मीठ किती दिवस आधी उतरतं? भात कापल्यावर पेंढा जमिनीवर पसरून ठेवला तर उन्हाळ्यात वर येणारं मीठ कमी होतं का? बांध फुटून पडीक झालेल्या खाजणात तिवरं (कांदळवनाची झाडं) उगवली, तर त्या जमिनीतून गावाला आज काय मिळतं आणि पूर्वी काय मिळत होतं?

यातला एकच घ्या. दोन घेतले तर नमुने दुप्पट होत नाहीत, तिप्पट होतात.

प्रश्न पक्का करण्याआधी दोन ठिकाणी जाऊन या. पहिलं पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र याच जमिनींसाठी काम करतं आणि पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही क्षार सहन करणारी भाताची वाणं तिथलीच. आपला प्रश्न त्यांनी आधीच सोडवला असेल तर तिथेच कळेल. दुसरं ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष बांध, तोही उधाणाच्या भरतीच्या वेळी. बांधावर उभं राहून एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याहून खाली असलेलं शेत पाहिलं की कागदावरचे निम्मे प्रश्न आपोआप गळून पडतात.

गाव निवडताना

कॉलेजजवळचं गाव सोयीचं असतं आणि रावेला (पदवीतल्या ग्रामीण कृषी कार्यानुभवाला) जिथे गेलो ते गाव ओळखीचं असतं. दोन्ही चालतील, पण निवडीची खरी कसोटी पाण्याची आहे. तीन गोष्टी बघा. बाहेरकाठ्याचा (खाडीच्या बाजूचा) बांध आज धड आहे का, की त्याला खांडी पडल्या आहेत, म्हणजे तो जागोजागी फुटला आहे? उघाडी चालू आहे का? आणि तेवढाच पाऊस पडणारी पण भरतीचं पाणी कधीच न शिरणारी जमीन जवळपास आहे का? ही तिसरी जमीन तुलनेसाठी लागते. तिच्याशिवाय ‘मिठामुळे उत्पादन घटलं’ हे वाक्य लिहिता येत नाही, कारण त्या वर्षी सगळीकडेच रोग पडलेला असू शकतो.

बांध शासकीय योजनेतला आहे की खासगी, हेही पहिल्याच भेटीत विचारा. १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा झाला आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा आला. योजनेत असलेल्या बांधाची देखभाल खारभूमी विकास विभागाकडे, आणि योजनेबाहेरच्या बांधाची भिस्त शेतकऱ्यांवर. दोन गावांतल्या बांधांच्या अवस्थेत फरक दिसला की त्याचं कारण बहुधा मातीत नसतं, या कागदात असतं.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना जमिनीचा इतिहासही येतो. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा १९३३ साली सुरू होऊन सहा वर्षं चाललेला शेतकऱ्यांचा संप याच खारेपाटातला आहे. खोताकडून जमीन कुळाकडे आली तेव्हा बांध कोणी घालायचा हा प्रश्नही कुळाकडे आला. हे ऐकून घ्या आणि लिहून ठेवा. पुढे ‘बांध-दुरुस्तीला लोक का येत नाहीत’ याचा उलगडा करताना त्याचा उपयोग होतो.

परवानगी आणि संमती

शेतकऱ्याची संमती मराठीत, एका पानावर, सोप्या शब्दांत घ्या. माती कुठून, किती वेळा, किती खोल काढणार, नळी कुठे पुरणार, निकाल कधी देणार, हे त्यात हवं. सातबारावर पाच नावं असतील तर शेत प्रत्यक्ष कसणाऱ्याशी आणि निदान एका सहहिस्सेदाराशी बोला.

कांदळवनात पाय ठेवण्याआधी वनविभागाशी बोलणं आवश्यक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम आदेशापासून आणि २०१८ च्या अंतिम निकालापासून महाराष्ट्रात कांदळवनाच्या तोडीला बंदी आहे आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. २०१२ पासून राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष काम करतो. अभ्यासासाठी का असेना, तिवराची फांदीसुद्धा विचारल्याशिवाय तोडू नका.

एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. अहवालात गट नंबर छापू नका. रायगडच्या किनाऱ्याला जमिनीचे व्यवहार सतत चालू असतात. ‘अमुक गटात क्षार जास्त’ असं लिहिलेला कागद दलालाच्या हाती पडला, तर भाव पाडायला त्याचा उपयोग होतो. शेताला सांकेतिक क्रमांक द्या आणि खरी यादी मार्गदर्शक प्राध्यापकांकडे बंद ठेवा.

भरतीचं आणि पावसाचं वेळापत्रक

कॉलेजचं वेळापत्रक सत्राप्रमाणे चालतं, खार जमिनीचं तिथीप्रमाणे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. कोळ्यांचा जुना हिशेब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. खाडीच्या मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. म्हणून छापील भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ ठेवा आणि आपल्या बांधावर ती प्रत्यक्षात किती उशिरा लागते हे पहिल्या दोन फेऱ्यांतच नोंदवून घ्या.

मातीच्या नमुन्यांच्या चार फेऱ्या पुरतात. पहिली मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वळवाच्या सरींआधी. तेव्हा जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा असतो आणि हा वर्षातला वरचा टोकाचा आकडा असतो. दुसरी जुलैत, लावणी किंवा रहूची (मोड आलेल्या बियाण्याची) पेरणी झाल्यावर. तिसरी कापणीच्या वेळी, ऑक्टोबरच्या अखेरीस. चौथी फेब्रुवारीत, जमीन वाळून मीठ पुन्हा वर सरकू लागतं तेव्हा. डिसेंबरातली एकच फेरी का पुरत नाही, हे या क्रमावरूनच कळेल. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तो मीठ धुऊन खाली आणि बाहेर नेतो, आणि उन्हाळा तेच मीठ केशाकर्षणाने पुन्हा वर ओढतो. जमिनीचं दुखणं या चढउतारात आहे.

पावसाळ्यात मात्र मातीपेक्षा शेतात साठलेल्या पाण्याची नोंद जास्त महत्त्वाची. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी पाण्याची विद्युत वाहकता मोजा; मीठ जितकं जास्त तितकी ती जास्त. ऑगस्टमध्ये पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तर आठवड्याची वाट पाहू नका, एक दिवसाआड जा. भात रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात मिठाला सर्वांत हळवं असतं. पावसाचा खंड नेमका तेव्हा पडला तर नुकसान तिथेच ठरतं आणि कापणीच्या वेळची माती त्याबद्दल काही सांगत नाही.

पावसाचे आकडे महावेधच्या (राज्याच्या हवामान केंद्रांच्या प्रकल्पाच्या) आपल्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावरून घ्या, पण गावात एक साधं पर्जन्यमापकही ठेवा. खाडीकाठी दोन-तीन किलोमीटरवर पाऊस बदलतो.

मातीचे नमुने

बांधाला काटकोनात, शेतजमिनीच्या आतल्या बाजूला जाणारी रेघ आखा. बांधाच्या पायथ्यापासून १०, ५०, १००, २०० आणि ४०० मीटरवर एकेक बिंदू. अशा तीन रेघा. प्रत्येक बिंदूवर ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर. चार फेऱ्यांत हे १२० नमुने होतात. मे आणि ऑक्टोबरच्या फेरीत ३० ते ६० सेंटिमीटरचा तिसरा थर घेतला की आणखी ३०, म्हणजे एकूण १५०.

इथे एक सापळा आहे. तिन्ही रेघा एकाच बांधाच्या आत घेतल्या तर तुमच्याकडे पंधरा बिंदू आहेत, पण बांध एकच आहे. त्यावरून त्या बांधाबद्दल बोलता येतं, ‘कोकणातल्या खार जमिनीं’बद्दल नाही. प्रश्न बांधांच्या तुलनेचा असेल तर तीन वेगवेगळ्या खारांत एकेक रेघ घ्या. संख्याशास्त्राच्या पेपरात पुनरावृत्तीची व्याख्या पाठ असूनही मौखिक परीक्षेत मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती इथेच.

प्रत्येक बिंदूवर पाच मीटरच्या वर्तुळात पाच ठिकाणची माती काढून ती एकत्र मिसळा आणि चतुर्थांश पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवत) अर्धा किलोवर आणा. मेच्या फेरीत वरचा पांढरा पापुद्रा खरवडून टाकू नका. तो पहिल्या थराचाच भाग आहे. फार जाड असेल तर वेगळ्या पिशवीत घ्या. पावसाळ्यात चिकण माती ऑगरला (माती काढायच्या गिरमिटाला) इतकी चिकटते की वरच्या थराचा चिखल खालच्या थरात मिसळतो. त्यासाठी प्रत्येक वेळी ऑगर पुसायला फडकं आणि माती सोडवायला बोथट सुरी हवी. चिठ्ठ्या दोन, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर, पेन्सिलने लिहिलेल्या. शाईची चिठ्ठी ओल्या मातीत संध्याकाळपर्यंत वाचता येत नाही.

जागेची खूण फोनच्या जीपीएसवर सोडू नका, त्यात काही मीटरचा फरक पडतो. बांधावरच्या पक्क्या खुणेपासून टेपने मोजलेलं अंतर लिहून ठेवा, म्हणजे फेब्रुवारीत त्याच जागी परत उभं राहता येईल.

प्रयोगशाळेत

माती सावलीत वाळवा, लाकडी हातोडीने फोडा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या खाजणातल्या मातीचा सामू (पीएच) मात्र ती ताजी असतानाच आधी मोजा. असा गंधकयुक्त चिखल वाळताना हवेने आम्ल होतो आणि वाळलेल्या मातीचा सामू शेतातल्या सामूपेक्षा बराच खाली येऊ शकतो.

विद्युत वाहकतेसाठी २० ग्रॅम माती आणि ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, अर्धा तास ढवळून मग स्थिर होऊ द्या. मीटर रोज सकाळी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने जुळवा. २५ अंश सेल्सिअसला त्याचं वाचन १.४१३ डेसीसायमन प्रति मीटर यायला हवं. खाडीचं पाणी मोजणार असाल तर ०.१ मोलर द्रावणही ठेवा, त्याचं वाचन १२.८८ येतं. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं, त्यामुळे एकाच खालच्या द्रावणावर भिस्त ठेवून चालत नाही. आणखी एक काळजी: त्याच चंबूत आधी वाहकता मोजा, मग सामू. सामूच्या इलेक्ट्रोडमधून थोडं पोटॅशियम क्लोराइड पाझरतं आणि वाहकता फुगवतं.

आता मुख्य मुद्दा. पुस्तकातली ‘४ डेसीसायमनच्या वर क्षारयुक्त’ ही मर्यादा संपृक्त मातीच्या (पाण्याने पुरती भिजवून लगदा केलेल्या मातीच्या) अर्काची आहे, वरच्या २० ग्रॅमला ५० मिलिलिटर, म्हणजे १:२.५ च्या द्रावणाची नाही. पातळ केलेल्या द्रावणात तीच माती कितीतरी कमी आकडा दाखवते. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की खार जमीन चांगली ठरते आणि सल्ला चुकतो. उपाय सोपा आहे. सर्व टोकांचे मिळून पंधरा-वीस नमुने निवडा, त्यांचा संपृक्त लगदा करून अर्क काढा, दोन्ही वाहकतांचा आलेख मांडा आणि आपल्या मातीसाठी आपलं समीकरण काढा. दुसऱ्या जिल्ह्याच्या मातीचा गुणक उसना घेऊ नका, पोत बदलला की तो बदलतो.

संपृक्त अर्काचा आकडा हाती आला की त्याचा अर्थ लावता येतो. भाताची सर्वसाधारण सहनमर्यादा ३ डेसीसायमन धरतात आणि त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पादनात सुमारे १२ टक्के घट. म्हणजे ६ असेल तर ३६ टक्क्यांच्या आसपास. पनवेलची वाणं किंवा काळा राता, भुरा राता यांसारख्या जुन्या खारातल्या निवडींना हे गणित तसंच्या तसं लागू नाही, आणि ते किती लागू नाही हा स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे.

सेंद्रिय कर्ब काढताना खार जमिनीत एक फसवणूक होते, ती बहुतेक प्रबंधांत निसटते. वॉकली-ब्लॅक या कर्ब मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत डायक्रोमेट मिठातल्या क्लोराइडशीही अभिक्रिया करतं आणि कर्ब असल्यापेक्षा जास्त दिसतो. मातीतल्या क्लोराइडच्या टक्केवारीचा बारावा भाग वजा करून ही दुरुस्ती करतात. समजा कर्ब ०.९० टक्के आला आणि क्लोराइड १.२ टक्के आहे, तर खरा कर्ब ०.८० टक्के. एवढ्याने काय होतं असं वाटेल. पण मेमध्ये क्लोराइड जास्त असतं आणि ऑक्टोबरात धुऊन गेलेलं असतं. दुरुस्ती केली नाही तर ‘पावसाळ्यात सेंद्रिय कर्ब घटला’ असा निष्कर्ष निघतो, आणि घटलेलं असतं ते मीठ.

शिफारशीत जिप्सम लिहिण्याआधी विनिमययुक्त सोडियम (मातीच्या कणांना धरून राहिलेलं सोडियम) तपासा. चोपण जमीन (असं सोडियम जास्त असलेली) आणि क्षारयुक्त जमीन यांचे उपाय वेगळे आहेत. पावसाने मीठ धुऊन जाऊ शकणाऱ्या, निचरा मिळालेल्या क्षारयुक्त जमिनीला जिप्समचा खर्च सांगणं म्हणजे शेतकऱ्याचे पैसे वाया घालवणं.

पर्यावरणाचा अभ्यास करताना आपल्याच प्रयोगशाळेचं सांडपाणी नजरेआड करू नये. दीडशे नमुन्यांच्या कर्ब-परीक्षणातून क्रोमियम आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल असलेलं बरंच द्रावण उरतं. ते बेसिनमध्ये ओतायचं नाही. काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, फेरस अमोनियम सल्फेटने उरलेलं डायक्रोमेट पूर्ण हिरवं होईपर्यंत क्षपण करा, मग प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली हळूहळू चुन्याने उदासीन करून क्रोमियमचा गाळ बसू द्या आणि तो घातक कचरा म्हणून अधिकृत यंत्रणेकडेच द्या. किती लिटर तयार झालं आणि कुठे गेलं, याची एक ओळ अहवालाच्या पद्धतीच्या प्रकरणात असायलाच हवी.

जमिनीखालचं पाणी

प्रत्येक रेघेवर ५०, २०० आणि ४०० मीटरला एकेक निरीक्षण नळी पुरा. दीड-दोन मीटर लांबीचा दोन इंची पीव्हीसी पाइप, खालच्या अर्ध्या मीटरला करवतीने चिरा, त्यावर नायलॉनची जाळी, भोवती जाड वाळू, आणि वरच्या तोंडाजवळ चिकणमातीचा घट्ट थर, म्हणजे पावसाचं पाणी नळीला लागून सरळ आत उतरणार नाही. तोंडाला टोपण बसवा, नाहीतर खेकडे आत शिरतात. बांधाजवळच्या नळीचं पाणी एकदा उधाणाच्या आणि एकदा भांगाच्या दिवशी, भरती व ओहोटीला मोजा. भरतीबरोबर नळीतली पातळी हलत असेल तर बांधाखालून पाझर आहे. बांध वरून कितीही धड दिसला तरी.

उन्हाळ्यात खारं भूजल जमिनीपासून मीटरभराच्या आत असेल तर मीठ वर येतच राहणार. तिथे पेंढ्याचं आच्छादन, किंवा भातानंतर अंगच्या ओलीवर वालासारखं पीक घेऊन जमीन झाकलेली ठेवणं, यांची चाचणी घेण्यात अर्थ आहे.

बांधाची पाहणी

बांधावर एक पूर्ण दिवस द्या. दर वीस मीटरवर माथ्याची उंची, माथ्याची रुंदी, खेकड्यांची आणि घुशींची बिळं, भेगा, झाडं, जुन्या खांडीच्या खुणा हे सगळं लिहा. उंची डम्पी लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) घ्या आणि सगळी मापं एकाच पक्क्या खुणेशी जोडा. मग उधाणाच्या भरतीला पाणी माथ्याखाली किती उरतं तेही नोंदवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं हे बांधाशेजारच्या घरांतले लोक बोट ठेवून दाखवतात. ती उंचीसुद्धा लेव्हलने घ्या, तारीख आणि सांगणाऱ्याचं वय यांसह. असे दहा-बारा बिंदू म्हणजे गावाचा स्वतःचा पूरनकाशा, जो कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.

उघाडीची फळी कधी उघडते, कधी बंद होते, कोण ते बघतं, दुरुस्तीला मागच्या वर्षी किती माणसं किती दिवस आली, हे विचारा. शाश्वततेचा सर्वांत महत्त्वाचा आकडा मला या उत्तरांत दिसतो. गावातली तरुण मुलं कंपनीत किंवा मुंबईला गेली, बांधावर फावडं धरणारे हात कमी झाले आणि एका उधाणाला खांड पडली की शंभर एकरांचं गणित बदलतं. मातीचा कोणताही नमुना हे दाखवत नाही.

पीक, मासे आणि पैसा

मातीच्या प्रत्येक बिंदूशेजारी एक चौरस मीटरची चौकट तीन जागी टाकून भात कापा, झोडा, वजन करा आणि ओलावा मोजून १४ टक्क्यांवर आणा: वजन गुणिले (१०० वजा ओलावा) भागिले ८६. चौकटीतून ४२० ग्रॅम भात २० टक्के ओलाव्याला मिळाला तर तो ३९१ ग्रॅम धरायचा, म्हणजे हेक्टरी सुमारे ३९ क्विंटल. पेंढ्याचंही वजन घ्या, दुभत्या जनावराच्या घरी त्याची किंमत भातापेक्षा फार मागे नसते.

मुलाखती लावणी-कापणीच्या धामधुमीत घेऊ नका, कापणीनंतर घ्या. आणि फक्त सातबारावर नाव असलेल्या काकांची मुलाखत घेऊन परतू नका. शेतातल्या पाण्यातले निवटे, खेकडे, कोळंबी, तळ्यातला जिताडा, बांधावरची भाजी यांचा हिशेब बहुतेक घरांत बाईला जास्त नेमका माहीत असतो. त्यासाठी मुलींनी मावश्यांशी वेगळं बसून बोलावं. हे उत्पन्न धरलं नाही तर फुटलेल्या बांधाचं नुकसानही चुकतं आणि फायदाही.

तिवरांनी भरलेल्या खाजणाचा विषय घेतला असेल तर दोन्ही बाजू सारख्याच नेटाने मोजा. तिथे माशांची पिल्लं वाढतात, चिखलात कर्ब साठतो, वाऱ्या-लाटांपासून आतल्या बांधाला आडोसा मिळतो. आणि त्याच वेळी एका कुटुंबाची पिकती जमीन, सातबारा नावावर असूनही, हातातून गेलेली असते. त्या कुटुंबाची अडचण ‘पर्यावरणविरोधी मानसिकता’ अशा शब्दांत बसवणं अन्यायाचं आहे. त्यांना काय हवंय ते त्यांच्याच शब्दांत लिहा.

आकडे मांडताना

पहिला आलेख एकच असू द्या: आडव्या अक्षावर बांधापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर वाहकता, आणि चार फेऱ्यांच्या चार रेषा. अभ्यास नीट झाला असेल तर सगळी गोष्ट या एका चित्रात दिसते. त्यानंतर अंतर आणि उत्पादन, मग पावसाचा खंड आणि शेतातल्या पाण्याची वाहकता. सरासरीबरोबर विचलन द्या. एककं एकच ठेवा. मीटर मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर दाखवत असेल तर हजाराने भागा, म्हणजे डेसीसायमन प्रति मीटर मिळेल. जुने अहवाल मिलिम्होत असतात, तो आकडा तसाच वापरता येतो. एका वर्षाच्या अभ्यासावरून ‘वाढत आहे’, ‘घटत आहे’ अशी क्रियापदं लिहू नका. एका वर्षात चढउतार दिसतो, कल दिसायला पुढच्या तुकड्या लागतात.

गावाला निकाल

‘माती नेतात, परत कोणी येत नाही’ ही तक्रार कोकणातल्या गावोगावी ऐकायला मिळते आणि ती खरी आहे. प्रत्येक शेतकऱ्याला एक कार्ड द्या: त्याच्या शेतात मे, जुलै, ऑक्टोबर, फेब्रुवारीला किती मीठ होतं, साध्या भाताला ते किती त्रासाचं, कोणत्या तुकड्यात क्षार सहन करणारं वाण लावून पाहावं. भाषा मराठी, अक्षर मोठं. हे कार्ड एप्रिलपर्यंत पोचलं तरच उपयोगाचं, कारण बियाण्याचा विचार मेमध्ये होतो. विद्यापीठाचं मूल्यमापन कधी आहे याच्याशी त्याचा संबंध जोडू नका.

बांधाच्या पाहणीचा नकाशा ग्रामपंचायतीत लावा आणि त्याची एक प्रत गावाच्या अर्जाला जोडता येईल अशा स्वरूपात द्या: कमजोर जागा, उंची, फोटो, तारीख. योजना शासकीय असेल तर खारभूमी विभागाकडे पाठपुरावा करताना गावकऱ्यांना हेच कागद हवे असतात.

नळ्या पुढची तुकडी वापरणार असेल तर टोपणं बदलून, क्रमांक रंगवून ठेवा. वापरणार नसेल तर उपटून काढा आणि भोकं चिकणमाती ठासून बुजवा, म्हणजे त्यांतून खारं पाणी वर यायला वाट राहणार नाही. मूळ नोंदवही, अंतरांची यादी आणि वाहकतेचं समीकरण विभागाच्या कपाटात कुलपाखाली ठेवा आणि त्याची पोच मार्गदर्शकांकडून सहीनिशी घ्या.